कथेतली अम्मी कोणती बोली बोलते?

आपल्या अनेक मुस्लिम मराठी कथांतली अम्मी किताबी उर्दू बोलते. आम्हाला ती परकी वाटते. इथे एकलहऱ्यात काय किंवा नाशिकात काय, घराघरांत 'नको' आणि 'मैंच' ऐकू येते. मराठीतला 'नको' आणि जोर देणारा 'च' दख्खनीत आले ते शेजारातून. एका पिढीने ते उचलले. पुढच्या पिढीची मुले ते आईच्या मांडीवर शिकली आणि उसने होते ते घरचे झाले. गोवळकोंड्याचा सुलतान मुहम्मद कुली कुत्बशहा (राज्यकाल १५८० ते १६१२) दख्खनीतही काव्य करी. तिला 'बिघडलेली उर्दू' कसे म्हणावे? वर्गात आम्ही प्रमाण उर्दू शिकवतो, शिकवलीच पाहिजे. पण कथाकाराने अम्मीचे बोलणे तपासून लाल शाईने दुरुस्त करू नये. घरात आणि पुस्तकात दोन्हीकडे ती बोली गप्प झाली, तर नातवंडे ती शिकणार कुणाकडून?