रंगाखालचे विमान

दिवाळीच्या आधी आमच्या आळीत मुलांचे किल्ले उभे राहू लागले, की माझे लेखन अडते. खिडकीतून चिखल, ओली पोती आणि हळिवाची पेरणी दिसत असताना कादंबरीचे प्रकरण कोण लिहील? गेल्या वर्षी एका विद्यार्थ्याने पायथ्याच्या मावळ्याकडे बोट दाखवून सांगितले, "गुरुजी, हा मागच्या दिवाळीत तानाजी होता. यंदा रंग दिला आणि बाजीप्रभू केला." मी हसलो. पुढे जुन्या युद्धविमानांविषयी वाचताना तो मातीचा मावळा पुन्हा आठवला. मोठी माणसेही हेच करतात, आणि तेही चार इंजिनांच्या विमानाला!

इंग्लंड-अमेरिकेत जुनी युद्धविमाने जमवून ती पुन्हा उडती करणाऱ्या हौशी मंडळींचा एक संप्रदायच आहे. त्यांची टवाळी करण्यासाठी मी हे लिहीत नाही. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेने 'लिबरेटर' नावाची बाँबफेकी विमाने १८,०००हून अधिक बांधली आणि युद्ध संपताच बहुतेक मोडीत काढली. जी मोजकी आज पाहायला मिळतात, ती अशाच वेड्यांच्या कृपेने.

पण त्या मोजक्यांतली बरीचशी मुळात वाचली कुठे? आपल्या भारतात. युद्ध संपल्यावर कानपूरच्या तळावर ब्रिटिशांनी लिबरेटर टाकून दिली, आणि पुन्हा कोणाच्या उपयोगी पडू नयेत म्हणून त्यांची मोडतोडही केली. स्वातंत्र्यानंतर बंगळूरच्या हिंदुस्थान एअरक्राफ्ट कारखान्यातली माणसे त्या भंगारात शिरली. जागच्या जागी ठाकठीक करून एकेक विमान उडण्याजोगे केले आणि पुढच्या कामासाठी बंगळुरास नेले. जमशेद मुन्शी हा वैमानिक ती उडवीत असे. ज्याची मुद्दाम मोडतोड केली आहे अशा विमानात बसून एवढे अंतर कापायचे, आणि तेही एकदा नव्हे! चाळीसच्या आसपास विमाने अशी उभी राहिली. आपल्या हवाई दलाने ती १९६८च्या अखेरपर्यंत वापरली. पुण्याच्या तळावरच्या तुकडीकडे समुद्रावरच्या टेहळणीसाठी हीच विमाने होती.

त्यानंतर परदेशी संग्रहालयांची नजर त्यांच्याकडे वळली. कॅनडाला गेलेल्या विमानावर कॅनडाच्याच एका जुन्या विमानाचा क्रमांक घातला गेला. ब्रिटनच्या हवाई दल संग्रहालयातल्या लिबरेटरला ब्रिटिश रंग आहे. तो निदान त्याचा स्वतःचा, तरुणपणचा म्हणता येईल. अमेरिकेतल्या कॉलिंग्स फाउंडेशनने १९८४ साली घेतलेल्या विमानाची गोष्ट मात्र मला सलते. वर्षानुवर्षे खपून त्यांनी ते १९८९ साली पुन्हा आकाशात नेले. ही कर्तबगारी नाकारील तो करंटा. पण नाव काय दिले? 'ऑल अमेरिकन'. पुढे 'ड्रॅगन अँड हिज टेल', मग 'विचक्राफ्ट'. तिन्ही नावे इतर विमानांची. हे विमान युद्धात अमेरिकेकडून लढलेच नव्हते. ते ब्रिटिशांकडे गेले होते, आणि नंतर वीस वर्षे भारताचे होते.

यावर ते म्हणतील, "विचक्राफ्टवर गेलेल्यांची आठवण जिवंत राहावी म्हणून आम्ही हे केले." म्हातारे सैनिक त्या विमानापुढे उभे राहून रडले असतील, तर त्या अश्रूंना मी खोटे कसे म्हणू? आणि विमानाचा भारतातला काळ ते लपवून ठेवीत नाहीत, माहितीत तो सांगतात. पण माहिती वाचतो कोण? जत्रेतल्या पोराला दिसतो तो रंग. आम्ही कादंबरीकारही खऱ्या माणसाला दुसऱ्याचे नाव चिकटवतो. मात्र 'पात्रे काल्पनिक आहेत' असे पहिल्याच पानावर कबूल करून टाकतो.

आपल्याकडेही जुन्या देवळाच्या काळ्या दगडावर तैलरंग फासून त्याला जीर्णोद्धार म्हणतात, तेव्हा शिल्पकाराची छिन्नी बुजते. इथे बुजले ते कानपूरच्या उन्हात तापलेल्या पत्र्यावर काम करणाऱ्यांचे हात. त्यांनी हौस म्हणून हे केले नव्हते. नव्या देशाला बाँबफेकी विमाने हवी होती आणि ती विकत घ्यायला पैसा नव्हता.

दिल्लीच्या पालम संग्रहालयात एक लिबरेटर आपल्याच हवाई दलाच्या खुणा अंगावर घेऊन उभे आहे. शाळेची सहल नेली तेव्हा मुले त्याच्याजवळ फार थांबली नाहीत. पुढे जेट विमाने होती. मी तानाजीवाल्या पोराला तेवढा मागे ठेवून घेतला. त्याने पोटाखालून वाकून पाहिले आणि विचारले, "गुरुजी, हे आधी कोण होते?"