‘व्हिप इट’ : प्रेक्षकमते आणि वयात येण्याच्या कथेचा संकेत

प्रस्तावना

ड्रू बॅरीमोर यांनी दिग्दर्शित केलेला पहिला कथापट ‘व्हिप इट’ सप्टेंबर २००९ मध्ये टोरांटो चित्रपट महोत्सवात दाखविण्यात आला आणि २ ऑक्टोबर २००९ रोजी अमेरिकेत प्रदर्शित झाला. शॉना क्रॉस यांनी स्वतःच्याच ‘डर्बी गर्ल’ (२००७) या कादंबरीवरून त्याची पटकथा लिहिली. समीक्षकांनी त्याचे बहुतांशी स्वागत केले. मात्र सुमारे दीड कोटी डॉलर खर्चून तयार झालेल्या या चित्रपटाचे उत्पन्न त्या खर्चाच्या फारसे पुढे गेले नाही. कालांतराने त्याला स्वतःचा चाहतावर्ग लाभला. प्रेक्षकांची मते मात्र आजही विभागलेली आहेत. कोणाला तो मुक्तिदायी वाटतो, कोणाला ठरीव साच्याचा, तर प्रत्यक्ष खेळाडूंना अनेकदा अवास्तव. या मतभेदाचे मूळ केवळ अभिरुचीत आहे की चित्रपटाच्या रचनेतच, याचा शोध घेणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

खेळ आणि कथानक

रोलर डर्बी या खेळाचा आरंभ लिओ सेल्ट्झर यांनी १९३५ मध्ये शिकागो येथे केला. पुढे तो लयास गेला आणि २००१ पासून टेक्सास राज्यातील ऑस्टिन शहरात स्त्रियांनी त्याचे पुनरुज्जीवन केले. प्रत्येक संघाच्या पाच खेळाडू चाकांच्या बुटांवर गोलाकार धावपट्टीवर उतरतात. त्यांपैकी ‘जॅमर’ ही प्रतिस्पर्धी खेळाडूंना ओलांडून गुण मिळविते, तर उरलेल्या चौघी तिला वाट करून देतात आणि प्रतिपक्षाच्या जॅमरला अडवितात. टोपणनावे, भडक वेष आणि शारीरिक धडक यांमुळे या खेळाला क्रीडा आणि करमणूक असे दुहेरी रूप प्राप्त झाले आहे.

चित्रपटाची नायिका ब्लिस कॅव्हेंडर ही बोडीन या काल्पनिक लहान गावातील सतरा वर्षांची मुलगी. आईच्या आग्रहाखातर ती सौंदर्यस्पर्धांत भाग घेते. ऑस्टिनमध्ये डर्बी पाहिल्यावर मात्र ती वय लपवून ‘हर्ल स्काउट्स’ या संघात दाखल होते. एलियट पेज यांनी ही भूमिका केली असून आईच्या भूमिकेत मार्शा गे हार्डन आहेत. अंतिम सामना आणि सौंदर्यस्पर्धा एकाच दिवशी येतात, हा कथेतील पेच होय.

प्रेक्षकमतांचे तीन प्रवाह

पहिला प्रवाह चित्रपटाला साचेबद्ध मानतो. लहान गावात घुसमटलेली मुलगी, नवा छंद, नवे मित्रमंडळ, प्रियकराकडून झालेला अपेक्षाभंग आणि शेवटचा मोठा सामना, हे टप्पे प्रेक्षक आधीच ओळखू शकतो. हा आक्षेप सामन्यांपुरता खरा आहे. तथापि साच्याच्या दोन निर्णायक जागी चित्रपट वेगळा निर्णय घेतो. अंतिम सामन्यात नायिकेचा संघ हरतो आणि तरीही त्या मुली दुःखात बुडत नाहीत. तसेच ज्या आईविरुद्ध बंड पुकारले जाते, ती खलनायिका ठरत नाही.

दुसरा प्रवाह या दुसऱ्या निर्णयाकडे लक्ष वेधतो. आई टपाल वाटण्याचे काम करते. मुलीच्या सौंदर्यस्पर्धांत तिला स्वतःच्या हुकलेल्या आयुष्याची भरपाई दिसते. माय-लेकीचे प्रसंग हीच चित्रपटाची खरी ताकद आहे, असे अनेक प्रेक्षकांना वाटते आणि त्यास संहितेचा आधार आहे. संघातील मॅगी मेहेम ही स्वतः एका मुलाची आई असून, नवे कुटुंब सापडले म्हणून जुने टाकून देता येत नाही, अशी जाणीव तीच ब्लिसला करून देते. वडील शेजाऱ्याच्या अंगणात त्याच्या फुटबॉलपटू मुलांच्या नावांच्या पाट्या मुकाट्याने पाहत असतात. शेवटी ते आपल्या अंगणात मुलीच्या नावाची पाटी रोवतात. मुलीचा खेळही अभिमानाने मिरवावा असा असतो, हे त्या एका पाटीने सांगितले आहे.

तिसरा प्रवाह प्रत्यक्ष डर्बी खेळणाऱ्या स्त्रियांचा. कोपराने मारणे, ठोसे, मारामारी या गोष्टी आजच्या नियमांनुसार दंडनीय आहेत. चित्रपटात त्या खेळाचा अविभाज्य भाग म्हणून येतात. शिवाय बहुतेक संघ सपाट धावपट्टीवर खेळतात, तर पडद्यावर कडेला उंचावलेली धावपट्टी दिसते. ऑस्टिनमध्ये असे खेळणारा गट असल्याने हा तपशील चुकीचा म्हणता येत नाही. तरीही आक्षेपामागील भावना समजून घेतली पाहिजे. स्त्रियांच्या खेळाकडे तमाशा म्हणून पाहिले जाण्याचा धोका खेळाडू ओळखून आहेत. अचूकतेची त्यांची मागणी वस्तुतः प्रतिष्ठेची मागणी आहे.

मूल्यमापन

या आक्षेपांतील सर्वांत गंभीर आक्षेप ब्लिसच्या झटपट उत्कर्षाविषयी आहे. लहानपणीचे बार्बीचे स्केट्स बाहेर काढून सराव करणारी मुलगी अल्पावधीत संघाची प्रमुख जॅमर होते. विशेष म्हणजे हा आक्षेप चित्रपटाने स्वतःच उच्चारला आहे. प्रतिस्पर्धी संघातील आयर्न मेव्हन ब्लिसला सुनावते की, आपल्याला खरोखर जमणारी गोष्ट सापडायला तिला एकतीस वर्षे लागली आणि त्यासाठी तिने अपार कष्ट केले. ज्युलिएट लुईस यांच्या या प्रसंगात चित्रपट क्षणभर आपल्याच नायिकेकडे संशयाने पाहतो. अंतिम सामन्यातील पराभव या दृष्टीने न्याय्य ठरतो. कष्टाचे माप ज्येष्ठ खेळाडूच्या पदरात पडते. ब्लिसच्या उत्साहाची किंमत मैत्रीण पॅशलाही मोजावी लागते. ब्लिस प्रियकरासोबत निघून गेलेली असताना पोलीस पॅशला पकडतात. वयात येणे म्हणजे केवळ स्वतःला शोधणे नसून त्या शोधाचा भार कोणावर पडला हे ओळखणे होय, असे येथे सूचित होते.

एक उणीव मात्र स्पष्टपणे नोंदवावी लागते. डर्बीच्या जगात समलिंगी स्त्रियांचा सहभाग लक्षणीय आहे, तरी पडद्यावर त्याची दखल जवळजवळ नाही आणि नायिकेला प्रेमकथेची ठरावीक जोड दिली जाते. डिसेंबर २०२० मध्ये एलियट पेज यांनी आपली पारलिंगी ओळख जाहीर केली. त्यानंतर, लादलेल्या स्त्रीत्वाचा झगा उतरवून स्वतःचे नाव स्वतः निवडणाऱ्या ब्लिसची कथा वेगळ्या अर्थाने वाचणे शक्य झाले आहे. हा अर्थ निर्मात्यांना अभिप्रेत होता असे म्हणण्याचे कारण नाही. परंतु कलाकृतीचा अर्थ प्रदर्शनाच्या दिवशी गोठत नाही, याचे हे उदाहरण आहे.

निष्कर्ष

सारांश, ‘व्हिप इट’विषयीची मते परस्परविरोधी दिसली तरी ती एकाच चित्रपटाच्या तीन वेगवेगळ्या भागांविषयी आहेत. सामना पाहणाऱ्यास साचा दिसतो, घर पाहणाऱ्यास नाते दिसते आणि धावपट्टीवर उतरणाऱ्यास मेहनतीचा अभाव खटकतो. तिघांचेही म्हणणे आपापल्या जागी खरे आहे. सामान्य प्रेक्षकाचे मत समीक्षेने कच्चा माल म्हणून दूर सारू नये. अनेकदा संहितेतील नेमकी भेग त्यालाच आधी जाणवते. या चित्रपटाच्या बाबतीत ती भेग खेळाडूंना जाणवली, आणि आयर्न मेव्हनच्या तोंडून संहितेनेही तिची कबुली दिली.