नास्तीच्या घरातील मेणबत्त्या

पॅरिसमधील मोंमार्त्र या टेकडीचे नाव आपल्या वाचकांना दोन कारणांनी परिचित असेल. १५३४ च्या १५ ऑगस्ट रोजी इग्नेशियस लोयोला आणि त्यांचे सहा सोबती यांनी या टेकडीच्या उतारावरील हुतात्म्यांच्या चॅपेलात व्रत घेतले. त्या सातांत पुढे गोव्यास आलेले फ्रान्सिस झेवियर होते. दुसरे कारण म्हणजे टेकडीच्या माथ्यावरील साक्रे-करचे शुभ्र मंदिर. १८७५ साली त्याची कोनशिला बसली आणि १८९१ साली ते उपासनेसाठी उघडले. मात्र त्यानंतर वर्षभरातच, १८९२ मध्ये, पायथ्याच्या क्लिशी रस्त्यावर एक निराळेच घर उघडले याची दखल आपल्याकडे फारशी कोणी घेतलेली नाही. त्या घराचे नाव 'कॅबरे द्यु नेआँ'. नेआँ म्हणजे शून्य, अभाव, नास्ती.

मृत्यू हा ज्याचा एकमेव विषय आहे असे हे मद्यालय होते. मेजांच्या जागी शवपेट्या मांडलेल्या, डोक्यावर हाडांचे आणि कवट्यांचे झुंबर, वाढपी प्रेतवाहकांच्या काळ्या वेषात. मद्यांना नावे रोगांची आणि जंतूंची. क्षयाचा जंतू कॉखने १८८२ साली दाखवून दिला होता आणि पाठोपाठ पटकीचाही. विज्ञानाची ही ताजी भीती दहा वर्षांच्या आत पेल्यात उतरली. भिंतीवर सुखवस्तू प्रसंगांची चित्रे असत. मागून दिवा लागला की त्यांतील माणसांचे सांगाडे होत.

तेथून प्रेक्षकांना अंधाऱ्या वाटेने आतल्या दालनात नेत. प्रेक्षकांपैकीच एकाला उभ्या शवपेटीत उभे करून पांढऱ्या वस्त्रात गुंडाळत. पाहता पाहता त्याचा चेहरा विरू लागे, मांस नाहीसे होई आणि त्याच जागी सांगाडा उरे. यात गूढ काही नव्हते. प्रेक्षक आणि शवपेटी यांच्यामध्ये तिरकस बसविलेली मोठी काच असे, आणि बाजूला दडविलेल्या दुसऱ्या शवपेटीत खरा सांगाडा. माणसावरचा उजेड मंद करीत नेला आणि सांगाड्यावरचा वाढवीत नेला की काचेतील प्रतिबिंब माणसाची जागा घेई. ही युक्ती लंडनच्या पॉलिटेक्निकमध्ये १८६२ च्या नाताळात जॉन हेन्री पेपर यांनी डिकन्सच्या कथेच्या निमित्ताने रंगमंचावर आणली होती. मूळ कल्पना हेन्री डर्क्स यांची. १८९६ साली नेआँचा खेळ न्यूयॉर्कलाही पोहोचला आणि तेथील विज्ञानविषयक नियतकालिकाने त्याची रचना आकृत्यांसह छापली. रहस्य फुटल्यावरही लोक जात राहिले, हे मला अधिक बोलके वाटते.

या स्थळाविषयी लिहिणारे बहुधा दोनच सूर लावतात. कोणी त्यास श्रद्धा गमावलेल्या युगाचा विकृत विनोद म्हणून झिडकारतात. कोणी धाडसी मुक्तपणाचे स्मारक म्हणून गौरवतात. दोन्ही पक्षांनी त्या खेळाचा शेवट नीट पाहिलेला नाही असे मला नम्रपणे म्हणावेसे वाटते. सांगाडा दिसला की खेळ संपत नसे. दिव्यांचा क्रम उलटा फिरविला जाई, हाडांवर पुन्हा मांस चढे, आणि तो गृहस्थ शवपेटीतून बाहेर येऊन हसत आपल्या मंडळींत जाऊन बसे. ज्या घराने नास्तीचे नाव धारण केले, त्याला नास्तीवर पडदा पाडण्याचे धैर्य झाले नाही! व्यवहाराच्या दृष्टीने ते स्वाभाविकच होते, कारण गिऱ्हाइकाला परत घरी धाडावयाचे होते. परंतु कलाकृती म्हणून पाहता, येथे उपहासाने ज्याचा उपहास करावयाचा त्याचेच व्याकरण उसने घेतले आहे. मेणबत्ती, काळे वस्त्र, शवपेटी, आणि शेवटी उठून येणारा देह: हा सारा क्रम राखेचा बुधवार आणि पास्काची रात्र यांच्या मधला आहे. फरक इतकाच की येथे चाळीस दिवसांचा उपवास नाही. दिव्याची वात वरखाली केली की झाले.

जवळच असलेल्या 'स्वर्ग' आणि 'नरक' या जोडगोळीविषयी मात्र मला इतकी सहानुभूती वाटत नाही. नरकाचे दार म्हणजे जबडा वासलेला राक्षस. स्वर्गात पंख लावलेले देवदूत पेये वाटीत, पेत्राच्या वेषातील इसम पवित्र पाणी शिंपडी आणि प्रवचनाची नक्कल होई. माझा आक्षेप पाखंडाचा नाही. त्यात जोखीम नाही, हा आहे. पंखांच्या माणसाकडून पेला घेताना प्रेक्षकाला काहीच पणाला लावावे लागत नाही, तर शवपेटीत उभे राहताना त्याला क्षणभर तरी स्वतःचा देह पणाला लावावा लागतो.

तरीही नेआँची एक गोष्ट मला क्षम्य वाटत नाही, ती म्हणजे पेल्यांची नावे. पॅरिसच्या कामगार वस्त्यांत क्षय हा त्या काळी मोठा मारक रोग होता. ज्यांच्या घरात खोकला होता ते येथे येत नसत. ज्यांच्या घरात नव्हता ते येऊन क्षय मागवीत. मृत्यूसमोर सारे समान, हे मध्ययुगीन भिंतींवरील मृत्युनृत्याच्या चित्रांचे सूत्र होते. तेथे सांगाडा राजाचाही हात धरी आणि शेतकऱ्याचाही. येथे तो पैसे मोजणाऱ्याचाच धरी. अर्थात नगरालाच या प्रेक्षणाची सवय होती. नोत्र-दामच्या मागील शवागार १९०७ पर्यंत सर्वांना खुले होते, आणि बेवारस प्रेते पाहावयास लोक रांगा लावीत. तेथे दाराशी मोल पडत नसे.

१८९७ साली जवळच ऑस्कार मेतेनिए यांनी 'ग्राँ गिन्योल' हे चिमुकले नाट्यगृह उघडले. आसने तीनशेहूनही कमी, आणि वास्तू मुळात चॅपेल. छताशी कोरलेले देवदूत तसेच राहिले; त्यांच्या नजरेखाली डोळे काढले जात, गळे चिरले जात. आंद्रे द लोर्द यांनी येथे वेडाची आणि छळाची नाटके लिहिली. त्यांतील काहींसाठी त्यांनी मानसशास्त्रज्ञ आल्फ्रेद बिने यांचे साहाय्य घेतले. पॉला माक्सा ही नटी रंगमंचावर असंख्य वेळा मारली गेली. भयनाट्यानंतर प्रहसन, पुन्हा भयनाट्य, असा गरम-थंड पाण्याचा मारा हे तेथील तंत्र होते. (योगायोग असा की ब्राम स्टोकरची 'ड्रॅक्युला' कादंबरीही त्याच वर्षी प्रसिद्ध झाली.) १९६२ साली हे गृह बंद पडले. नाझी छळछावण्यांची बरोबरी आम्हांस कधीच करता आली नसती, अशा आशयाचे उद्गार अखेरच्या संचालकांनी काढले. समीक्षेच्या दृष्टीने ही प्रामाणिक कबुली आहे.

त्याच कादंबरीच्या नावाने १९८० मध्ये मेलबर्नला 'ड्रॅक्युलाज' हे भोजन आणि कॅबरेचे नाट्यगृह निघाले. मेलबर्नचे २०१७ साली बंद झाले. गोल्ड कोस्टची शाखा मात्र टिकून राहिली. विनोद, गाणी, वाद्यवृंद, जेवण, आणि मध्ये रक्तपिपासू. या घराण्यात प्रेक्षकाला शवपेटीत उभे करण्याची गरज उरलेली नाही. भीती ताटाबरोबर वाढली जाते. मला त्यात उपहासही दिसत नाही आणि पापही; फक्त मृत्यू कोठे गेला हा प्रश्न पडतो. २ नोव्हेंबरला दफनभूमीत आपल्या माणसांच्या थडग्यांवर मेणबत्त्या लावून परतणाऱ्या कोणालाही तो पडेल.

नेआँ आता नाही. त्याची ओळख आपल्याला प्रवाशांच्या वर्णनांतून आणि जुन्या चित्रपत्रांतून करून घ्यावी लागते. नरकाच्या दाराचे मात्र रोबेर द्वानो यांनी १९५२ साली घेतलेले एक छायाचित्र प्रसिद्ध आहे. जबडा तसाच वासलेला आहे, आणि त्यापुढून एक पोलीस शिपाई, त्याकडे ढुंकूनही न पाहता, आपल्या फेरीवर चालला आहे.