वाऱ्याचा उगम आणि वाऱ्याचे नाव

द्रवाने थंड होणारा संगणक महाराष्ट्राला आता अपरिचित नाही. पुण्याच्या आयसर संस्थेतील 'परम ब्रह्म' हा महासंगणक (२०१९) याच पद्धतीचा आहे. घरगुती संगणकात तापलेल्या पाण्यातील उष्णता पेटीला लावलेल्या रेडिएटरमधून पंख्याच्या वाऱ्यावर सोडली जाते. या वाऱ्याचे वर्णन 'आत' व 'बाहेर' या शब्दांनी करण्याचा प्रघात आहे. तो सदोष होय. त्यावरून वारा कोठे जातो एवढेच कळते. रेडिएटरच्या दृष्टीने महत्त्व आहे ते वारा कोठून येतो याला. समजा, खोलीतील हवा ३० अंश व पेटीतील ३८ अंश आहे. 'बाहेर' जाणारा वारा रेडिएटरला ३८ अंशांवर भेटतो, आणि त्याहून पाणी अधिक थंड होणे शक्य नाही. 'आत' येणारा वारा पाण्याला अनुकूल खरा. परंतु रेडिएटरची उष्णता मग पेटीतील इतर भागांना सोसावी लागते.

धरमतर खाडीलगतच्या पेण परिसराला परिचित असलेली वाऱ्यांची नावे येथे मार्गदर्शक ठरावीत. दिवसा समुद्रावरून येतो तो खारा वारा. रात्री जमिनीवरून येतो तो मतलई. उगम कळला की वाऱ्याचा गुणही कळतो. मराठीची पंचमी विभक्ती याच कामाची आहे. म्हणून 'खोलीतून' व 'पेटीतून' हेच शब्द रूढ व्हावेत. पंखा वारा रेडिएटरमध्ये ढकलतो की त्यातून ओढतो, हा प्रश्न निराळा. त्याची उगमाशी गल्लत करू नये. कोणता भाग थंड ठेवावयाचा, हा निर्णय वापरणाऱ्याचा. तो डोळसपणे घेता यावा, एवढे दायित्व परिभाषेचे आहे.