‘सीरियस पॉसिबिलिटी’ म्हणजे किती?

मार्च १९५१मध्ये अमेरिकेच्या गुप्तवार्ता यंत्रणेने युगोस्लाव्हियाविषयी एक अहवाल तयार केला. टिटो आणि स्टालिन यांचे फाटून तीन वर्षे होत आली होती. त्या वर्षी सोव्हिएत गटाकडून युगोस्लाव्हियावर हल्ला होण्याची ‘सीरियस पॉसिबिलिटी’ धरून चालावे, असा अहवालाचा निष्कर्ष होता. काही दिवसांनी परराष्ट्र खात्यातल्या एका अधिकाऱ्याने शर्मन केंट यांना सहज विचारले, या शब्दांतून तुम्हाला नेमके काय म्हणायचे होते? केंट हे येल विद्यापीठातले इतिहासाचे प्राध्यापक. अहवाल लिहिणाऱ्या मंडळाचे एक प्रमुख. ते म्हणाले, हल्ल्याच्या बाजूने ६५, विरुद्ध ३५. अधिकारी दचकला. त्याच्या खात्याने ही शक्यता बरीच कमी धरली होती. मग केंट यांनी मंडळातल्या सहकाऱ्यांनाच विचारून पाहिले. सर्वांनी एकाच मजकुराला संमती दिली होती. पण एकाच्या मनात ८०-२० होते, तर दुसऱ्याच्या मनात २०-८०.

या अनुभवावर केंट यांनी १९६४मध्ये जो निबंध लिहिला, तो गुप्तहेरांइतकाच भाषेच्या अभ्यासकांनीही वाचावा असा आहे. ‘प्रॉबेबल’ म्हणजे ७५ टक्के, बारा इकडेतिकडे. ‘ऑलमोस्ट सर्टन’ म्हणजे ९३, सहा इकडेतिकडे, असा तक्ताच त्यांनी मांडला. कार्यालयातल्या लोकांचे त्यांनी दोन गट पाडले: आकडा मागणारे ते गणिती आणि आकड्याने शब्दाचा जीव जातो म्हणणारे ते कवी. केंट गणितींच्या बाजूचे. कवींवरची त्यांची चिडचिड पानोपानी जाणवते, आणि निबंध वाचनीय होतो तो त्यामुळेच.

माझ्या मते मात्र केंट यांचे निदान अर्धेच बरोबर आहे. घोळ ‘पॉसिबिलिटी’त कमी आणि ‘सीरियस’मध्ये जास्त आहे. हे विशेषण शक्यता किती मोठी हे सांगते, की घटना घडली तर परिणाम किती मोठे हे सांगते? युद्धाची शक्यता दहा टक्के असली तरी ती ‘सीरियस’च. लिहिणाऱ्याने एक अर्थ धरला, वाचणाऱ्याने दुसरा, आणि इंग्रजी व्याकरणाने दोघांनाही मोकळीक दिली. मराठीत आपण ‘दाट शक्यता’ म्हणतो. दाट हे फक्त प्रमाण सांगते, धोका सांगत नाही. त्या वाक्याचा मराठी अनुवाद करायला बसलेल्या माणसाला ‘दाट’ की ‘गांभीर्याने घ्यावी अशी’ हे ठरवावेच लागले असते. म्हणजे अधिकाऱ्याचा प्रश्न त्याने आधीच विचारला असता.

तक्त्याला न जुमानणारा दुसरा भाग साहाय्यक क्रियापदांचा. ‘कॅन’ हे क्रियापद मुळात ‘जाणणे’ या अर्थाचे, ‘मे’ हे ‘बळ असणे’ या अर्थाचे. सामर्थ्यापासून परवानगी आणि परवानगीपासून अंदाज, असा ‘मे’चा प्रवास झाला. ‘कॅन’ने रस्ता बंद होण्याची सर्वसाधारण शक्यता सांगता येते, ‘मे’ने आज, आत्ता तो बंद असेल असा अंदाज. नकार आला की अंतर आणखी वाढते. ‘कॅनॉट बी’ म्हणजे असणे शक्यच नाही. ‘मे नॉट बी’ म्हणजे नसेलही. इंग्रजी माध्यमात शिकलेली मुलेसुद्धा इथे अडखळतात, कारण दोन्हींसाठी आपल्या हाताशी पटकन येते ते ‘शकत नाही’.

वास्तविक मराठीकडे साधने पुष्कळ आहेत. दारात चपला दिसल्या की आपण म्हणतो, ‘तो घरात असावा.’ पुरावा नसताना नुसता कयास असेल तर ‘असेल’. हात झटकायचे असतील तर ‘असू शकेल’. ‘असावा’ हा विध्यर्थ. ‘मुलांनी अभ्यास करावा’ यातला कर्तव्याचा अर्थही त्याच रूपाचा. इंग्रजीतल्या ‘मस्ट’चीही हीच गत: कर्तव्यही तेच, पुराव्यावरून काढलेले अनुमानही तेच. एकमेकांशी इतके दूरचे नाते असलेल्या या दोन भाषांनी हुकमाचे रूप अंदाजासाठी उसने घ्यावे, ही गोष्ट मला केंट यांच्या तक्त्यापेक्षा अधिक विचार करायला लावते.

तरीही गणितींना मोडीत काढता येत नाही. १९६१मध्ये क्युबावरच्या स्वारीच्या योजनेला लष्करी अहवालाने ‘फेअर चान्स’ दिला. लिहिणाऱ्याच्या मनात यशाची बाजू साधारण ३० आणि अपयशाची ७० होती. आकडा कागदावर आला नाही आणि अध्यक्ष केनेडींपर्यंत पोहोचला तो फक्त शब्द. ‘फेअर’ म्हणजे बऱ्यापैकी, असे कोणीही वाचेल.

आज आकडे ठरवून दिले जातात, तरी गोंधळ उरतोच. हवामानबदलाच्या आंतरसरकारी मंडळाच्या अहवालांत ‘लाइकली’ म्हणजे ६६ टक्के किंवा अधिक. आपल्या भारतीय हवामान विभागाच्या पत्रकात तोच ‘लाइकली’ साधारण २५ ते ५० टक्क्यांचा आहे. ५०च्या वर गेले की ‘व्हेरी लाइकली’, ७५च्या वर ‘मोस्ट लाइकली’. म्हणजे एका ठिकाणी ‘होईल’कडे झुकणारा शब्द दुसऱ्या ठिकाणी ‘बहुधा नाही’च्या बाजूला पडतो. दोन्ही पत्रके मराठी बातमीत येतात तेव्हा छापले जाते ते एकच: ‘पावसाची शक्यता’. ‘थोडी’, ‘बरीच’, ‘दाट’ ही विशेषणे उपसंपादकाच्या टेबलावर पडून असतात, आणि पत्रकातला टक्क्यांचा तक्ता कोकणातल्या मच्छीमारापर्यंत जातच नाही.