बैल आधी मागून उठतो: एका बाहुलीच्या सुरुवातीच्या रिसर्चबद्दल

डिझाइनच्या शेवटच्या वर्षाला असलेल्या एका विद्यार्थिनीने तिच्या प्रोजेक्टच्या पहिल्या दोन महिन्यांच्या नोंदी मला वाचायला पाठवल्या. विषय असा: खऱ्या मापाची बैलाची बाहुली, तिला खेळवणारी तीन माणसं, संवाद नसलेला पाऊण तासाचा प्रयोग. गोष्ट साधी आहे. एक शेतकरी शेवटचा बैल बाजाराला नेतो. सगळ्यात मोठा प्रसंग त्या दिवशीच्या पहाटेचा, गोठ्यात बसलेला बैल मालकाला बघून उठतो तो. प्रयोग गावोगावच्या शाळांमधून करायचा आहे. फाइलसोबत तिचा निरोप होता, "ताई, छान आहे असं नको सांगूस. यात रिसर्च आहे की नाही तेवढं सांग." तिच्या परवानगीने इथे लिहिते आहे, कारण तुमच्यापैकी बरेच जण सध्या सिनॉप्सिसच्या आधीच्या याच टप्प्यावर आहेत. तुमचा विषय बॅक्टेरिया असो नाहीतर बाहुल्या, या टप्प्यावर फाइलमध्ये जे होतं ते सारखंच असतं.

माझं उत्तर आधीच सांगते. रिसर्च आहे, पण तो तीन पानांत आहे. त्या तीन पानांना तिने नाव दिलंय 'इतर'.

फाइलचा पहिला मोठा भाग चित्रांचा. खिल्लार, डांगी, देवणी, पोळ्याला सजवलेले बैल, शिल्पातले नंदी, कॅलेंडरवरचे बैल. मेहनत दिसते, पण जवळजवळ प्रत्येक बैल उभा आहे आणि बाजूने दिसतो आहे. अशा चित्रांतून रंग, शिंगांचा बाक, वशिंडाची उंची कळते. बाहुलीला हलायचं असतं, त्याबद्दल ही चित्रं गप्प आहेत. चालीसाठी म्हणून तिने चित्रकलेच्या एका पुस्तकातली आकृती उतरवून घेतली आहे आणि तिथेच पहिला घोटाळा आहे. आकृतीत तिरके पाय एकदम उचललेले आहेत. ती दुडकी चाल झाली. संथ चालणारं चार पायांचं जनावर साधारणपणे डावा मागचा, डावा पुढचा, उजवा मागचा, उजवा पुढचा या क्रमाने पाय टाकतं.

पुस्तकात आहे म्हणजे बरोबरच असणार, असं तुम्हालाही वाटलं असतं. २००९ साली करंट बायॉलॉजी या नियतकालिकात हंगेरीतल्या संशोधकांचा एक छोटा लेख आला होता. चालणाऱ्या चतुष्पाद प्राण्यांचे पाय लोक कसे दाखवतात हे त्यांनी तपासलं. निसर्गविज्ञान संग्रहालयांत सुमारे ४१ टक्के नमुन्यांचे पाय चुकलेले होते, खेळण्यांमध्ये निम्म्यांचे, आणि प्राण्यांच्या शरीररचनेच्या पुस्तकांत चक्क ६४ टक्क्यांच्या आसपास. जिथे खात्रीने बरोबर सापडेल असं आपण धरून चालतो तिथेच सगळ्यात जास्त चुका. एकाने दुसऱ्याचं बघून काढलं की असं होतं. आपल्या लिटरेचर रिव्ह्यूमध्येही मूळ पेपर न उघडता रिव्ह्यूमधलं वाक्य उचललं की हेच होतं, पण तो विषय वेगळा.

दुसरा भाग 'वॉर हॉर्स'चा. या फाइलमधलं सगळ्यात चांगलं लिहिलेलं आणि सगळ्यात वाईट वापरलेलं प्रकरण हेच.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. मायकल मॉरपर्गो यांच्या १९८२ च्या कादंबरीवरचं हे नाटक २००७ साली लंडनच्या नॅशनल थिएटरमध्ये आलं. त्यातला घोडा जोई घडवला केप टाउनच्या हँडस्प्रिंग पपेट कंपनीने, म्हणजे एड्रियन कोहलर आणि बेसिल जोन्स यांनी. वेताचा सांगाडा, त्यावर पातळ कापड आणि तीन माणसं: एक डोक्यापाशी बाहेर उभा, दोघं पोटाखाली. पोटाखालच्या पुढच्या माणसाकडे श्वास आणि पुढचे पाय, मागच्याकडे शेपूट आणि मागचे पाय, डोक्याकडच्याकडे मान आणि कान. ही माणसं प्रेक्षकांना स्पष्ट दिसतात, आणि तरी थोड्या वेळाने दिसेनाशी होतात.

हे सगळं तिने नीट मांडलंय, स्वतः आकृत्या काढून. आणि मग एका ओळीत लिहिलंय: "हीच रचना बैलासाठी वापरायची, फक्त शिंगं आणि वशिंड जोडायचं."

या 'फक्त' पाशी मी थांबले. जोईची रचना चांगली का आहे? घोड्याबद्दलच्या प्रश्नांची ती उत्तरं आहेत म्हणून. घोड्याचा जीव कानांत दिसतो, दोन्ही कान वेगवेगळ्या दिशांना फिरतात, म्हणून डोक्याकडच्या माणसाच्या हाती कान फिरवायच्या दांड्या दिल्या. शांत उभा असलेला घोडा मिनिटाला साधारण ८ ते १६ वेळा श्वास घेतो, म्हणजे तो श्वास मोठा, संथ आणि लांबून दिसणारा. म्हणून पोटाखालचा माणूस गुडघ्यात किंचित वाकून आणि उठून अख्खं धड वरखाली करतो. ही मंडळी थेट जोईवर पोहोचलेली नव्हती हेही विसरू नका. १९८१ पासून ती बाहुल्या घडवत होती, आणि २००४ च्या 'टॉल हॉर्स'साठी मालीतल्या सोगोलोन मंडळीबरोबर त्यांनी जिराफ केला होता, उंच काठ्यांवर उभी दोन माणसं आत असलेला. तो बघूनच नॅशनल थिएटरकडून घोड्याची विचारणा झाली. जिराफ हाताशी असताना त्यांनी त्याची मान कापून घोडा केला नाही.

आता बैल घ्या. बैलाचा जीव कुठे दिसतो? तो निवांत असतो तेव्हा काय करतो? रवंथ करतो. तोंडात आलेला एक घास साधारण ४० ते ६० वेळा चावला जातो, गिळला जातो, काही सेकंद जबडा थांबतो, गळ्याखालून पुढचा घास वर येताना दिसतो आणि पुन्हा सुरू. दिवसातले कित्येक तास हे चालतं. आणि जबडा वरखाली नाही, आडवा फिरतो. तिच्या आकृतीत जबड्याला दाराची असते तशी बिजागरी आहे, वरखाली उघडणारी. त्या बिजागरीने बैल बोलल्यासारखा दिसेल, आणि प्रयोगात तर संवादच नाहीत! ज्याच्या घरी गोठा आहे असं पाचवीतलं पोरगंसुद्धा हे पहिल्या मिनिटात ओळखेल. लंडनच्या प्रेक्षकांतल्या किती जणांनी घोडा रोज पाहिला असेल? हिच्या प्रेक्षकांत असे अनेक असतील की ज्यांनी बैलाला रोज वैरण टाकली आहे.

परंपरेचं प्रकरण पटकन संपवते. कुडाळजवळच्या पिंगुळीच्या ठाकर समाजाच्या कळसूत्री बाहुल्या, चामड्याच्या बाहुल्या, चित्रकथी, परशुराम गंगावणे यांना २०२१ साली मिळालेली पद्मश्री, हे सगळं आहे, फोटोंसकट. पण त्या दोन पानांत एकही प्रश्न नाही. दोरीवरच्या बाहुलीला वजन आहे असं कसं भासवतात, हे पिंगुळीला जाऊन विचारता आलं असतं. आपल्या मातीतलं काहीतरी हवं म्हणून ठेवलेलं प्रकरण परीक्षकांनाही लगेच कळतं. नंदीबैलाचा एक परिच्छेद मात्र मजेशीर आहे: तो मान डोलावतो, म्हणून आपल्या बैलानेही मालकाला मान डोलवून उत्तर द्यावं असं तिने सुचवलंय. पण नंदीबैलाचं डोलणं शिकवलेलं असतं, मालकाच्या इशाऱ्यावरचं. ते बैलाचं वर्तन म्हणून नोंदवलं तर सर्कशीतल्या हत्तीवरून हत्ती कसे बसतात हे लिहिल्यासारखं होईल.

आता 'इतर'. पोळ्याच्या दिवशी ती एका नातेवाइकांच्या गोठ्यात गेली आणि अर्धा दिवस बसली. पाहण्यासाठी हा दिवस चुकीचाच. धुतलेले, रंगवलेले, झुली घातलेले बैल, भोवती पोरं आणि ताशा. पण सकाळी सजावटीच्या आधीची तिची एक नोंद आहे, तिच्याच शब्दांत देते: "बैल उठताना आधी मागून उठला, थोडा वेळ पुढच्या गुडघ्यांवरच राहिला, मग पुढून उठला. बहुतेक पुढचा पाय दुखत असावा."

पाय दुखत नव्हता. गाय-बैल असेच उठतात. पुढच्या गुडघ्यांवर भार घेतात, डोकं झटक्याने पुढे नेतात, त्या झोक्यात मागचं धड उचलतं आणि मग एकेक पुढचा पाय सरळ होतो. घोड्याचं उलट. तो आधी पुढचे पाय समोर टाकून छाती उचलतो, मग मागून जोर लावतो. दोन महिने ती घोडा वाचत होती, म्हणून डोळ्यांसमोर धडधाकट बैल उठला तर तिला तो आजारी वाटला. ही या फाइलमधली सगळ्यात मोलाची ओळ आहे, कारण इथे उसन्या मॉडेलची आणि गोठ्यातल्या जनावराची टक्कर झाली. तिने मॉडेल वाचवलं आणि बैलाला दुखणं चिकटवलं. लॅबमध्ये आपण हेच 'आउटलायर' म्हणून करतो.

आणि नाटकाचा सगळा भार त्याच हालचालीवर आहे! जोईच्या रचनेत तो बैल उठला तर पुढचा माणूस आधी ताठ होणार, मागचा नंतर, आणि विकला जाणारा बैल घोड्यासारखा उभा राहणार. खऱ्या बैलासारखं उठवायचं तर मागच्या माणसाने आधी खांदे वर न्यायचे आणि पुढच्याने गुडघ्यांवर राहून तिरक्या झालेल्या सांगाड्याचा भार काही क्षण पेलायचा. म्हणजे पाठीचा सांगाडा एकसंध चालणार नाही, मध्ये कुठेतरी लवायला हवा. पुढच्या खेळवणाऱ्याच्या गुडघ्यांखाली काहीतरी मऊ हवं. डोक्याला पुढे झेपावायला जागा हवी, आणि तिच्या नेपथ्याच्या स्केचमध्ये बैलाच्या नाकासमोरच गव्हाण आहे. एका ओळीच्या नोंदीतून सांगाडा, तालीम आणि नेपथ्य तिन्ही बदलतात. साठ चित्रांतून यातलं काहीच बदललं नव्हतं.

यावर तिने फोनवर जो आक्षेप घेतला तो रास्त आहे. बाहुली म्हणजे नक्कल नव्हे. माझा बैल प्रतीकात्मक असेल तर त्याने खऱ्यासारखंच का उठावं? मान्य. जोईसुद्धा दिसायला घोड्याची नक्कल नाही, त्याचा वेत दिसतो, आतली माणसं दिसतात. दिसण्यात त्यांनी सूट घेतली आणि हालचालीत घेतली नाही, हा त्यांचा निर्णय होता. तिला उलट करायचं असेल तर खुशाल करावं. पण बैल कसा उठतो हे माहीत असून वेगळं उठवणं हा निर्णय असतो. आज तिच्या फाइलमध्ये तो निर्णय नाही, घोड्याच्या पुस्तकातून चुकून आलेली सवय आहे.

मग पुढे काय? पुन्हा गोठ्यात जायचं, पोळा सोडून. प्राण्यांच्या वर्तनावर काम करणाऱ्यांना जीन ऑल्टमन यांचा १९७४ चा लेख वाचावाच लागतो. कसं बघायचं याच्या पद्धती त्यात तपासलेल्या आहेत. तिने केलं ते जे लक्ष वेधून घेईल ते टिपणं. त्यात नेहमी ठळक गोष्टी येतात, शिंग उगारणं वगैरे, आणि रवंथ सुटतो. त्याऐवजी एकच बैल निवडायचा, ठरलेला वेळ फक्त त्याच्याकडेच बघायचं, आणि तो काही करत नसेल तर 'काही करत नाही' हेही वेळेसकट लिहायचं. पहाटे, दुपारी, संध्याकाळी, आठ-दहा दिवस. उठण्या-बसण्याचा मोबाइलवर व्हिडिओ, बाजूने आणि समोरून. कातडी थरथरवून माशी उडवणं, कान झटकणं, मान टाकणं, बुजणं, याची आधी यादी, मग मोजणी. 'बुजला' आणि 'मान टाकली' हे शब्द मी मुद्दाम वापरले. शेतकऱ्याच्या तोंडी अशी बरीच क्रियापदं असतात आणि प्रत्येकामागे कुणीतरी खूप वेळ बघितलेलं असतं. ती गोळा करणं हेही फील्डवर्कच. तिच्या नोंदींत मालकाचं एकही वाक्य नाही. अर्धा दिवस माणूस शेजारी होता आणि पाय दुखतोय का एवढंही त्याला विचारलं नाही.

शुक्रवारी तिच्या गाईडबरोबर बैठक आहे. ६० चित्रांचं प्रकरण परिशिष्टात टाक, 'इतर' पहिल्या पानावर आण आणि 'पाय दुखत असावा' ही ओळ खोडू नकोस, तारखेसकट तशीच ठेव, असं मी तिला कळवलंय. बांबू कापणं आणखी एक महिना पुढे गेलं तर चालेल का, हे गाईडना विचारायचं बाकी आहे.