पडद्यामागचा गळा : मेघना एरंडे यांचा हातोरी

तत्त्वज्ञानाच्या माणसानं 'निंजा हातोरी'वर काय बोलावं, असं काहींना वाटलं असेल. पण ज्या कलेकडं समीक्षा फिरकलेलीच नाही, तिच्याविषयी कुणीतरी बोलायला हवं ना!

हा जपानी मुलगा हिंदीत बोलतो तो मेघना एरंडे यांच्या आवाजात. 'नॉडी'चा हिंदी आवाजही त्यांचाच. दोन्ही पोरगेलेसे, आणि आवाज प्रौढ स्त्रीचा. जपानमध्येही १९८१च्या मालिकेत हातोरीला आवाज दिला तो जुन्को होरी या अभिनेत्रीनं. कारण साधं आहे : मुलाचा आवाज वयात येताना फुटतो, मालिका मात्र चालूच राहते. आपल्या बालगंधर्वांनी याच्या उलट केलं, पुरुष असून स्त्री उभी केली. पण त्यांच्यापाशी शालू होता, दागिने होते, चेहरा होता. डबिंग करणाऱ्याकडं फक्त श्वास.

आता अडचण बघा. चित्र आधीच तयार. ओठ कधी उघडणार, कधी मिटणार, सगळं ठरलेलं. त्यात मूळ हातोरी वाक्य संपवताना 'दे गोझारु' म्हणतो, म्हणजे जुन्या सामुराई वळणाचं बोलणं. हिंदीत त्याला नेमकी जोड नाही. मग ती अदब आणायची कुठून? स्वरातून. एरंडे यांचा हातोरी ऐका. स्वर बारीक आहे, पण घाई नाही. केनिची रडवेला होतो, आणि हा मात्र ठाम. नॉडीला जगाचं नवल वाटतं, हातोरीला जग ठाऊक आहे. भर्तृहरी पश्यंती, मध्यमा, वैखरी सांगतो. वैखरी, म्हणजे कानावर पडणारा उच्चार, स्टुडिओत मोजूनमापून बसवता येतो. मध्यमा, म्हणजे मनातली घडण, कलावंताला स्वतःची आणावी लागते. इथं ती दोन पात्रांसाठी दोन वेगळी आहे.

एक उणीवही सांगतो. आपल्या संभाजीनगरात गल्लीतली हिंदी दख्खनी वळणाची, 'हौ', 'नक्को'वाली. टीव्हीवरची ही हिंदी स्वच्छ आहे, पण तिला गाव नाही. मूळ हातोरी इगा प्रांतातून आलेला, हे त्या भाषेत कुठंच ऐकू येत नाही. हा दोष संहितेचा, आवाजाचा नव्हे.

जपानमध्ये अशा कलावंतांना 'सेइयू' म्हणतात. नाना मिझुकी या 'नारुतो'मधल्या हिनाताचा आवाज. लहानपणी एन्का गायकीची तालीम घेतलेल्या. २००९ साली त्यांचा अल्बम तिथल्या विक्रीच्या यादीत पहिला आला, २०११ला त्या टोकियो डोममध्ये गायल्या. तिथले श्रोते पात्रामागचा गळा नावानिशी ओळखतात. आपण पार्श्वगायिकेला घराघरांत नाव दिलं. पडद्यामागून बोलणारीला नाही दिलं.

हा निव्वळ मानापमानाचा प्रश्न नाही. आज यंत्र कुणाच्याही आवाजाची नक्कल करतं. ती नक्कल वैखरीची असते. पण कलावंत त्यापलीकडं काय करतो, हे आपण कधी ऐकलंच नसेल, तर 'नक्कल चालेल की' म्हणणाऱ्याला उत्तर काय देणार?

घरी नातवंडांनी कार्टून लावलं, की पाच मिनिटं डोळे मिटून ऐका. बरं, प्रश्न असतील तर आता विचारा.